जुनं ल्युब-सायझर मशीन घेतलंय आणि नीट चालत नाहीये? पार्ट मागवायच्या आधी हे वाचा

पावडर कोटिंगची हवा आल्यापासून अमेरिकेत जुनी ल्युब-सायझर मशीनं (बंदुकीची शिशाची गोळी मापाला आणून तिला ल्युब, म्हणजे वंगण, लावणारी) बऱ्यापैकी स्वस्तात निघायला लागलीयेत. ज्यांनी वर्षानुवर्षं शिशाच्या गोळ्यांना मेणाचं ल्युब लावलं तेच लोक आता प्लास्टिकच्या डब्यात गोळ्या आणि पावडर हलवतात, ओव्हनमध्ये भाजतात आणि मोकळे होतात, मग गॅरेजमधलं लायमन ४५० किंवा आरसीबीएसचं ल्युब-अ-मॅटिक गन शोच्या टेबलावर येतं, नाहीतर इस्टेट सेलमध्ये, नाहीतर ईबेवर. इथे टार्गेट शूटिंग करणारे आणि स्वतः गोळ्या ओतणारे आपले मराठी लोकही थोडेफार आहेत, आणि मशीन घेतल्यावर सगळ्यांचं रडगाणं साधारण तेच असतं. ल्युब येतच नाही, आलं तर भलतीकडून येतं, गोळी वाकडी निघते, नाहीतर आत अडकून बसते.

माझं स्पष्ट मत असं की यातल्या बहुतेक मशीनचं काहीच बिघडलेलं नसतं. आत आधीच्या मालकाचं दगड झालेलं ल्युब असतं, आणि नव्या मालकाला वाटतं की ल्युब येत नाही म्हणजे अजून पिळायला पाहिजे. त्या पिळण्यातनं पुढचे निम्मे प्रॉब्लेम होतात. त्यामुळे आधी साफसफाई, मग सेटिंग, आणि पार्ट मागवणं सगळ्यात शेवटी.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. हे सगळं अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे, जिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही (विकायची असतील तर लागतं, आणि त्यात नुसत्या गोळ्यासुद्धा आल्या, तेव्हा मित्राला पैसे घेऊन द्यायच्या भानगडीत पडू नका). भारतात आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ खाली लायसन्सशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यातल्या चुलतभावाला हौस म्हणून असलं मशीन पार्सल करू नका.

मशीन करतं काय ते आधी डोक्यात बसवा

हे कळलं की अर्ध्या बिघाडांचं कारण आपोआप कळतं. बॉडीच्या मध्ये एक सायझिंग डाय बसलेली असते, तिच्या भिंतीत छोट्या भोकांच्या ओळी असतात. डायच्या आत खालून एक प्लंजर वरखाली होतो. तुम्ही गोळी बुडावर उभी करून प्लंजरवर ठेवता, हँडल ओढता, वरचा टॉप पंच गोळीच्या नाकावर बसून तिला डायमध्ये ढकलतो, डायच्या भिंतीमुळे गोळी मापाला येते, आणि खाली पोचली की गोळीच्या खाचा आणि डायची भोकं समोरासमोर येतात. बाजूच्या टाकीत ल्युब भरलेलं असतं, त्याच्यावर स्क्रूने दाब दिलेला असतो, आपल्या चकलीच्या पितळी सोऱ्यासारखाच, त्या दाबाने ल्युब भोकांतनं खाचांत शिरतं. हँडल वर केलं की प्लंजर गोळी बाहेर देतो. झालं, एवढंच.

लायमनच्या भाषेत या तीन भागांना जी, एच आणि आय म्हणतात. जी म्हणजे टॉप पंच, एच म्हणजे डाय, आय म्हणजे आतला प्लंजर. लायमनच्या ४५, ४५० आणि ४५०० या मॉडेलच्या आणि आरसीबीएसच्या डाय एकमेकांत चालतात, हे सेकंड-हँड घेणाऱ्याच्या फार कामाचं आहे. साएकोच्या डाय वेगळ्या, स्टारच्या तर पूर्णच वेगळ्या, तिथे गोळी नाकाने आत जाते आणि खालून बाहेर पडते. स्टारचं शेवटी वेगळं लिहितो.

मशीनबरोबर दोन-चार डाय आल्या असतील तर प्रत्येक डाय आणि तिच्यातला प्लंजर एकाच मापाचे आहेत का ते नक्की बघा. आधीच्या मालकाने सगळं एका डब्यात टाकलेलं असतं आणि .४३१ च्या डायमध्ये .४२९ चा प्लंजर बसलेला सापडतो, वरवर बघून कळतच नाही, पण त्या दोन थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फटीतनं ल्युब मस्त खाली उतरतं आणि माणूस ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) बदलत बसतो. खालचा स्टॉप स्क्रू (गोळी किती खोल जाईल ते ठरवणारा) आणि त्याचा लॉक नट जागेवर आहे का, प्रेशर स्क्रू फिरवायचं रॅचेट हँडल आलंय का, हेही बघून घ्या, हे हरवलेलं असण्याचं प्रमाण जास्त.

पूर्ण साफ करा, अर्धवट नाही

टाकीचं झाकण काढा, प्रेशर स्क्रू उलटा फिरवून आतला नट वरपर्यंत आणून काढून घ्या. स्क्रू हलतच नसेल तर जोर लावू नका, हेअर ड्रायरने बॉडी गरम करा, पंधरा-वीस मिनिटं आरामात, मेण सैल झालं की स्क्रू बोटाने फिरायला लागतो. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ब्लो टॉर्चची काहीच गरज नाही. टॉर्च लावून पेंट जाळलेली, ओ-रिंगचा कोळसा झालेली मशीनं विकायला येतात ती अशीच.

डाय काढायला वरचा पोकळ नट सोडवा आणि हँडल वर करा, खालून प्लंजरचा रुंद भाग डायला ढकलून वर काढतो. नाहीच निघाली तर परत ड्रायर, थोडं पेनिट्रेटिंग ऑइल, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी खालून लाकडी किंवा पितळी दांडीने हळू ठोका. स्टीलच्या पंचने ठोकू नका, प्लंजरचं तोंड ठेचलं गेलं तर तो ठसा पुढच्या प्रत्येक गोळीच्या बुडावर उठणार.

सगळ्या ओ-रिंग काढून बाजूला ठेवल्या की उरलेलं ओतीव धड आणि डाय मिनरल स्पिरिटमध्ये बुडवून ब्रशने घासा. काही जण जुन्या भांड्यात पाणी आणि भांड्यांचा साबण घालून उकळतात, मेण वर तरंगतं, तेही चालतं, फक्त ते भांडं परत स्वयंपाकघरात जाता कामा नये कारण त्यात शिसं उतरतं, आणि उकळून झाल्यावर लगेच वाळवून तेलाचा हात मारा नाहीतर ओतीव लोखंडावर संध्याकाळपर्यंत गंज दिसेल. अ‍ॅसिटोन वापरायचा मोह होतो पण ओ-रिंग आत राहिली असेल तर ती फुगते आणि वाया जाते. टाकीतनं डायकडे जाणारं जे भोक आहे ते सगळ्यात महत्त्वाचं, तिथेच जुनं ल्युब घट्ट बसलेलं असतं आणि बाहेरनं दिसत नाही. पाइप क्लीनर घालून आरपार उजेड दिसेपर्यंत साफ करा. डायची छोटी भोकंही एकेक करून, बारीक तारेने किंवा हाताने फिरवलेल्या बारीक ड्रिल बिटने, पण भोक मोठं करायचं नाहीये हे लक्षात ठेवून.

साफ झालं की उजेडात बॉडी नीट बघा, टाकी आणि डायच्या मधला भाग खास करून. थंड कडक ल्युबवर लांब पाना लावून पिळलं असेल तर ओतीव बॉडीला तडा जाऊ शकतो. शंका असेल तर जुनी वर्कशॉपची पद्धत वापरा, केरोसिन लावा, कोरडं पुसा, वर खडूची पूड टाका, तडा असेल तर थोड्या वेळाने पुडीवर ओली रेघ उठते. तडा निघाला तर ती बॉडी सोडून द्या आणि डाय, पंच वगैरे ठेवून घ्या, वेल्डिंगच्या नादाला लागण्यात अर्थ नाही.

ल्युब येतच नाही

साफ केल्यावरही येत नसेल तर पहिला संशय हवेवर. तुम्ही ल्युबच्या कांडीचे तुकडे करून टाकीत भरले असतील तर मधे पोकळ्या राहतात, तुम्ही स्क्रू पिळता, हवा दबते, दाब आल्यासारखा वाटतो पण भोकांतनं काही येत नाही, आणि मग अचानक सगळं एकदम येतं. शक्यतो आख्खी पोकळ कांडी घाला, मधल्या भोकातनं स्क्रू जातो तशी. तुकडेच असतील तर टाकी ड्रायरने कोमट करून ल्युब बसू द्या, मग स्क्रू हळूहळू आणा.

दुसरं, थंडी. ओहायो-मिशिगनकडच्या गॅरेजमध्ये जानेवारीत कुठलंच ल्युब नीट वाहत नाही. अर्धं अ‍ॅलॉक्स (पेट्रोलियमपासूनचं वंगण) आणि अर्धं मधमाशीचं मेण हे जुनं एनआरए (नॅशनल रायफल असोसिएशन) फॉर्म्युल्याचं ल्युब घरातल्या तापमानाला हीटरशिवाय चालतं, पण व्यापारी ओतकाम करणारे जे कडक रंगीत मेण वापरतात त्याला हीटर लागतोच लागतो. आधीच्या मालकाने कडक ल्युब वापरलं असेल आणि हीटर विकताना काढून ठेवला असेल तर तुम्हाला मशीन बिघडलेलंच वाटणार! लायमन ४५०० ला बॉडीत बसणारा हीटर मिळतो, बाकीच्यांना खाली हीटर प्लेट लावतात. तेवढा खर्च करायचा नसेल तर टाकीजवळ जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब असलेला टेबल लॅम्प अर्धा तास ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. बॉडी हाताला छान कोमट लागली की बास, त्याच्यावर गेलात तर ल्युब पातळ होऊन सगळीकडनं गळायला लागेल आणि मग तुम्ही गळतीचा भाग वाचायला घ्याल.

तिसरं, टाकीतला नट. स्क्रू फिरवताना नट खाली सरकला पाहिजे, तो स्क्रूबरोबर नुसताच गोल फिरत असेल तर दाब येणार कुठून? टाकी जवळजवळ रिकामी असताना हे होतं, ल्युब भरल्यावर नटाला पकड मिळते आणि तो खाली जायला लागतो. भरूनही फिरतोय किंवा स्क्रू एका जागी सटकतोय तर आटे गेलेत, तिथे मात्र नवा नट किंवा स्क्रूच घ्यावा लागेल. नटाच्या कडेने ल्युब वर येऊन झाकणाखाली साचत असेल तर नटाची ओ-रिंग म्हातारी झालीये, जुनी काढा, कॅलिपरने जाडी मोजा आणि हार्डवेअरच्या दुकानातनं नायट्राइलची तशीच घेऊन या.

आणि चौथं कारण तांत्रिक नाहीच, घाई आहे. ल्युब घट्ट असतं, त्याला खाचेत शिरायला क्षणभर लागतो. हँडल खाली गेल्यावर एक-दोन सेकंद थांबा. खाच अर्धीच भरत असेल तर स्क्रू पिळायच्या आधी थांबून बघा.

ल्युब भलतीकडे येतं

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याला खरं तर एकच चित्र डोळ्यासमोर आणायचंय. डायची भोकं एका उंचीवर पक्की आहेत, गोळी त्यांच्या समोरून खाली जाते. गोळी फार खोल गेली तर भोकं गोळीच्या नाकासमोर येतात आणि ल्युब नाकावर, टॉप पंचवर, सगळीकडे. गोळी पुरेशी खोल गेलीच नाही तर खालची भोकं गोळीच्या बुडाखाली, म्हणजे प्लंजरसमोर राहतात, आणि ल्युब गोळीच्या बुडाला लागतं, शिवाय वरची खाच कोरडी राहते. म्हणजे नाकावर ल्युब दिसलं तर खालचा स्टॉप स्क्रू असा फिरवा की गोळी थोडी वरच थांबेल, बुडाला दिसलं तर गोळी थोडी अजून खाली जाऊ द्या. अर्धा-अर्धा आटा फिरवा, गोळी घालून बघा, जमलं की लॉक नट घट्ट करा. लॉक नट सैल राहिला तर पन्नास गोळ्यांनंतर सेटिंग आपोआप हलतं आणि माणूस परत पहिल्यापासून सुरू करतो.

खोली बरोबर असूनही बुडाला ल्युब येत असेल तर दाब जास्त आहे. बरेच जण प्रत्येक गोळीला रॅचेट ओढतात, गरज नसते. पाव ते अर्धा आटा द्यायचा, मग खाचा पूर्ण भरतायत तोवर तशाच गोळ्या काढत राहायच्या, कमी पडायला लागलं की परत पाव. किती गोळ्यांनी ते ल्युबवर, तापमानावर आणि खाचेच्या मापावर अवलंबून असतं, पाच-दहा गोळ्यांत हाताला कळायला लागतं. काम संपवताना स्क्रू पाव आटा उलटा फिरवून दाब सोडा, नाहीतर रात्रभर ल्युब हळूहळू प्लंजरच्या बाजूने उतरतं आणि सकाळी मशीनखाली टेबलावर ल्युबची वळी पडलेली असते. जुन्या मशीनच्या लाकडी बेंचवर जो काळा डाग असतो तो बहुतेक याचाच.

प्लंजरच्या बाजूने सततच खाली गळत असेल तर दोनच शक्यता, मघाशी सांगितलेला चुकीच्या मापाचा प्लंजर किंवा खराब ओ-रिंग. डायच्या बाहेरच्या अंगाने गळत असेल तर वरचा पोकळ नट आणि त्याच्या खालची ओ-रिंग बघा.

अजून एक केस आहे जी कुठल्याच स्क्रूने पूर्ण सुटत नाही. बेव्हल बेस गोळ्या, म्हणजे ज्यांच्या बुडाची कड तिरपी कापलेली असते. त्या तिरप्या कडेभोवती आणि प्लंजरच्या मधे जी त्रिकोणी जागा उरते तिथे ल्युबची अंगठी जमणारच. दाब कमी ठेवा, आणि निघालेल्या गोळ्या मिनरल स्पिरिटने थोड्या ओल्या केलेल्या फडक्यावर बुड टेकवून फिरवा, पुसून निघतं. पुसायचा कंटाळा करू नका, बुडाचं ल्युब काडतुसातल्या दारूला चिकटतं. पुढच्या वेळी सपाट बुडाचा मोल्ड घ्या, मी तर बेव्हल बेस मोल्ड फुकट मिळाला तरी घेणार नाही या मताचा आहे.

गोळी वाकडी निघते, एका बाजूने सोलली जाते

गोळीच्या एका बाजूने शिशाची पातळ साल निघतेय आणि दुसरी बाजू चकाकतच नाहीये, म्हणजे गोळी डायमध्ये सरळ शिरत नाही. पहिला आरोपी टॉप पंच. पंचची आतली पोकळी गोळीच्या नाकाच्या आकाराची पाहिजे, गोल नाकाला गोल, सपाट नाकाला सपाट. सेकंड-हँड मशीनबरोबर एकच पंच येतो आणि तो नेमका तुमच्या गोळीचा नसतो. योग्य नंबरचा मागवा, किंवा मोठ्या पोकळीच्या पंचमध्ये इपॉक्सी भरा, गोळीच्या नाकाला मेण किंवा तेल लावून तीच गोळी त्यात दाबून धरा आणि वाळू द्या, तुमच्याच गोळीचा पंच तयार. फक्त गोळी आधी डायच्या तोंडात सरळ बसवून मग हे करा म्हणजे तो सरळच वाळेल.

पंचचा सेट स्क्रू एकदम आवळू नका. अगदी थोडा सैल ठेवला की पंच गोळीवर स्वतःच मध्यभागी येतो. हा उपाय फुकटचा आहे आणि निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

दुसरा आरोपी डाय स्वतः. आयडियल आणि लायमनच्या जुन्या डायमध्ये आतला मोठा व्यास आणि लहान व्यास यांच्यामधे सरळ पायरी असायची, उतार नव्हता, त्यामुळे त्या गोळी दाबण्याऐवजी तासतात. आयडियल १९२५ मध्ये लायमनकडे आली, त्यामुळे इस्टेट सेलमध्ये दोन्ही नावांच्या डाय एकाच डब्यात मिळतात. डाय उजेडाकडे धरून आत बघा, तीक्ष्ण कड दिसली तर ती डाय बाजूला ठेवा, नंतरच्या डायमध्ये व्यवस्थित उतार दिलेला असतो. जुन्या डायला हाताने उतार काढता येतो पण सरळ निघत नाही, लेथवाला ओळखीचा असेल तरच.

तिसरं, पिनांमधली झीज. हँडल आणि रॅमच्या जोडाच्या पिना वर्षानुवर्षं तेल न घातल्याने झिजतात. पंच हाताने धरून हलवून बघा. थोडं हलणं चालतं, पण डोळ्याला दिसण्याइतकं डावंउजवं होत असेल तर भोकं रीमरने गोल करून मोठ्या पिना बसवून घ्या, एवढं कुठल्याही मशीन शॉपमध्ये होतं. त्याच्या आधी मशीन ज्या टेबलावर बसवलंय ते बघा मात्र. पातळ फळी असेल तर हँडल ओढताना सगळं मशीन पुढे झुकतं आणि तुम्ही पिनांना दोष देता. जाड प्लायच्या दोन थरांवर, आरपार बोल्टने, खाली मोठे वॉशर, आणि टेबलाच्या अगदी कडेजवळ.

गॅस चेक लावत असाल, म्हणजे गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी टोपी, आणि ती तिरपी बसत असेल तर प्लंजरचं तोंड पुसा. तिथे ल्युबचा थर साचलेला असतो आणि टोपी त्याच्यावर घसरते. मी तर सुचवेन की गॅस चेकच्या गोळ्या आधी दाब न देता एकदा खालीवर करून घ्या म्हणजे टोपी सरळ आवळली जाईल, आणि मग दाब देऊन ल्युबसाठी दुसऱ्यांदा. वेळ जातो, पण गोळ्या एकसारख्या येतात.

माप बरोबर येत नाही

डायवर .४५२ लिहिलंय म्हणून गोळी .४५२ येईलच असं नाही. मिश्रधातू कडक असेल तर गोळी डायमधून सुटल्यावर किंचित फुलते, मऊ असेल तर तेवढी फुलत नाही. शुद्ध शिसं साधारण ५ ब्रिनेल (कडकपणाचं माप), लायमन नंबर २ मिश्रण साधारण १५, लायनोटाइप (जुन्या छपाईच्या टाइपचा धातू) २२ च्या आसपास, म्हणजे एकाच डायमधून वेगळ्या धातूच्या गोळ्या वेगळ्या मापाच्या निघू शकतात. मोजायला कॅलिपर पुरत नाही, इथे गोष्टी अर्ध्या थाऊच्या आहेत, मायक्रोमीटरच पाहिजे, जुना मिळाला तरी चालेल.

आणि मुळात तुम्हाला कुठलं माप हवंय ते तुमच्या बॅरलवर ठरतं. मऊ शिशाची गोळी बॅरलमधून हळू ढकलून बाहेर काढायची, तिच्यावर उठलेलं ग्रूव्हचं (बॅरलच्या आतल्या खाचांचं) माप घ्यायचं, आणि त्याच्यापेक्षा साधारण एक थाऊ मोठी गोळी घालायची. म्हणून .३८ स्पेशलला .३५८, ९ मिलिमीटरला .३५६, .४५ एसीपीला .४५२ अशी सुरुवात करतात, जॅकेट (तांब्याचं कवच) असलेल्या गोळीपेक्षा एक थाऊ जास्त. बॅरलमध्ये शिसं साठतंय म्हणून लोक ल्युब बदलत बसतात आणि खरं कारण असतं की मशीनबरोबर आलेली डायच एक थाऊ लहान आहे.

मोल्डमधून निघालेली गोळी डायपेक्षा दोन-तीन थाऊपेक्षा जास्त मोठी असेल तर एकदम दाबू नका, खाचा चेपतात, बुड पसरतं, हँडलवर लटकायला लागतं. मधल्या मापाची डाय घेऊन दोन टप्प्यांत करा.

डाय लहान निघाली तर ती मोठी करता येते. लाकडी किंवा पितळी दांडीला चीर पाडा, त्यात ६०० नंबरचा ओला सँडपेपर अडकवा, ड्रिलला लावून हळू फिरवा, आत-बाहेर करत, दर काही सेकंदांनी धुऊन गोळी घालून मोजा. काढलेला धातू परत लावता येत नाही, त्यामुळे अर्धा थाऊ बाकी असतानाच थांबून शेवटचं १००० नंबरच्या पेपरने करा. प्लंजर मात्र जुन्याच मापाचा राहतो हे लक्षात असू द्या, एका थाऊपर्यंत चालून जातं, जास्त मोठी केलीत तर ल्युब खाली उतरायला लागेल.

गोळी अडकली

नव्याने साफ केलेल्या कोरड्या डायमध्ये पहिलीच गोळी कोरडी घातली तर ती अडकायची शक्यता फार. सुरुवातीच्या चार-पाच गोळ्यांना हातानेच थोडं ल्युब चोळा, डायची भिंत एकदा माखली की पुढे प्रश्न येत नाही. अडकलीच तर हँडलवर वजन टाकून वर ओढू नका, पिना वाकतात. डाय बाहेर काढा, प्लंजर काढा, आणि ज्या बाजूने गोळी आत गेली त्याच बाजूने बाहेर येईल अशी उलट्या बाजूने पितळी दांडीने ठोका.

नंतर डायच्या आत शिशाचे चकाकते पट्टे दिसतील. भांडी घासायच्या तांब्याच्या स्क्रबरचे धागे ब्रशला गुंडाळून घासले की पट्टे निघतात. स्क्रबर खऱ्या तांब्याचा आहे का ते मॅग्नेट लावून बघा, मॅग्नेट चिकटला तर तो तांब्याचं पाणी दिलेला लोखंडी आहे, तो डायवर ओरखडे काढेल.

स्टार असेल तर

स्टार मशीनमध्ये गोळी नाकाने खाली जाते, वरून पंच सपाट बुडाला ढकलतो, आणि पुढची गोळी आधीच्या गोळीला खालून बाहेर काढते. त्यामुळे काम फार झपाट्याने होतं आणि नाकाच्या आकाराचे पंच लागत नाहीत, म्हणूनच लोक याच्यासाठी जास्त पैसे मोजतात, आणि मशीन चांगलं मिळालं तर मोजावेत असं माझं मत. इथे गळतीचं कारण जवळजवळ नेहमी एकच, डायला भोकांच्या जास्त ओळी आहेत आणि तुमच्या गोळीला खाच एकच. उरलेली भोकं गोळीच्या गुळगुळीत भागासमोर किंवा दोन गोळ्यांच्या मधे उघडतात. उपाय सोपा आहे, बारीक छर्रे भोकात बाहेरून दाबून बसवा, वरून हलकं ठोका, आतून गुळगुळीत आहे का ते बोटाने बघा. पुढे दुसऱ्या गोळीसाठी लागलंच तर छर्रा बारीक ड्रिलने काढता येतो. मग पंचची खोली अशी लावा की खाच नेमकी उघड्या भोकांसमोर थांबेल. स्टारमध्ये अर्धवट भरलेली खाच आणि गोळीभर पसरलेलं ल्युब यामधे पंचचा जेमतेम पाऊण आटा असतो, त्यामुळे इथे घाई करू नका.

शिशाबद्दल दोन वाक्यं, कारण साफसफाई करताना जुन्या मशीनमधनं काळपट चिखल निघतो आणि तो नुसता मेणाचा नसतो. हातमोजे घाला, त्या टेबलावर चहा-बिस्किटं नकोत, घासताना कोरडी धूळ उडू देऊ नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि ते फडकं, ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका. घरात लहान मुलं असतील तर हे काम गॅरेजमध्येच आणि बूट बाहेरच. शिसं मिसळलेलं स्पिरिट नालीत ओतू नका, बाटलीत भरून काउंटीच्या हझार्डस वेस्टच्या दिवशी देऊन या. आणि कॅलिफोर्नियात असाल तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, तेव्हा तिथे हे सगळं फक्त टार्गेटसाठी, आणि रेंजवाले शिशाच्या उघड्या गोळ्या घेतात का ते आधी फोन करून विचारा.